तृणाने काय झाकावे?

युद्ध आणि सत्तांतर यांनी मोडलेला देश पुन्हा कसा उभा करावा, ही चर्चा निघाली की बौद्ध वाचकांपुढे कंबोडिया ठेवला जातो, आणि त्यासोबत भदन्त महाघोसानंद यांचे ‘स्टेप बाय स्टेप’ (१९९२) हे छोटेखानी पुस्तक. भदन्तांच्या थोरवीविषयी आमच्या मनात किंतु नाही. ज्यांनी सीमेवरील निर्वासितांच्या छावण्यांत धम्म जागता ठेवला आणि १९९२ पासून सुरुंग पेरलेल्या मुलखातून धम्मयात्रा नेली, त्यांना कोणी काय शिकवावे? परंतु पुस्तक हे पुस्तक म्हणूनच तपासले पाहिजे. त्यातील शांती अंतःकरणात उगवते आणि मैत्रीने वाढते. राज्यसंस्थेने काय करावे, याचा विचार तेथे फारसा नाही. ही उणीव लेखकापेक्षा त्याच्या प्रशंसकांनी अधिक वाढविली आहे. समेट म्हणजे हक्क सोडणे नव्हे, हे भदन्तांचेच म्हणणे वगळून त्यांची करुणा तेवढी सांगितली जाते.

वास्तविक पालि वाङ्मय या बाबतीत पुष्कळ रोखठोक आहे. दीघनिकायातील कूटदन्तसुत्तात महाविजित राजाचा पुरोहित सांगतो, की वध-बंधनाने चोरांचा उपद्रव मिटणार नाही; जे वाचतील ते पुन्हा राज्यास पीडा देतील. यास्तव शेतकऱ्यास बीजभत्त, व्यापाऱ्यास पाभत म्हणजे भांडवल आणि राजसेवकास भत्तवेतन द्यावे. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने ख्मेर रूज राजवट उलथविली, तेव्हा चार वर्षांच्या आत सुमारे १७ लाख माणसे प्राणास मुकली होती, चलन रद्द झालेले होते आणि भिक्खूंची चीवरे उतरविली गेली होती. पुढल्या वर्षी थायलंडच्या सीमेवर नोंग चान येथे शेतकरी बैलगाड्या घेऊन आले आणि मदतसंस्थांनी दिलेले भाताचे बियाणे घेऊन परतले. सुत्तातील पहिला शब्द तेथे अक्षरशः उतरला. तिसरा मात्र उतरला नाही. १९९२-९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्चून निवडणूक घडविली, पण शिक्षक, कारकून व पोलीस यांच्या तुटपुंज्या पगाराचा प्रश्न तसाच राहिला. ज्याला पगारावर जगता येत नाही तो हुद्द्यावर जगू लागतो, हे आपणांस का सांगावयास हवे!

परंतु कूटदन्तसुत्तही एका जागी थांबते. त्यातील चोर दरिद्री आहेत. कंबोडियातील मारेकरी हे स्वतःच राज्य होते. त्यांचे काय करावे? १९९६ मध्ये इएंग सारी यास राजाने माफी दिली. डिसेंबर १९९८ मध्ये नुओन चेआ व खिऊ साम्फान शरण आले, तेव्हा खड्डा खणून भूतकाळ पुरून टाकावा, असे पंतप्रधान हुन सेन म्हणाले. या सवलतींनी लढाई थांबण्यास मदत झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र अशा धोरणाच्या समर्थनार्थ धम्मपदातील अवैराची शिकवण पुढे केली जाते, तेथे आमचा आक्षेप आहे.

समेटाची शास्त्रशुद्ध चर्चा विनयात आहे. चुल्लवग्गाच्या समथक्खन्धकात ‘तिणवत्थारक’ नावाची पद्धत सांगितली आहे. कलहात दोन्ही पक्षांकडून अनेक अपराध घडले, एकेकाचा निवाडा करू जाता संघच फुटेल, अशी स्थिती आली तर सर्वांनी एकत्र जमावे, प्रत्येक पक्षातर्फे एकाने अपराध मान्य करावेत आणि ते तृणाने झाकल्याप्रमाणे मिटवावेत. विष्ठेवर गवत टाकावे म्हणजे दुर्गंधी येत नाही, असा अट्ठकथेचा दृष्टान्त आहे. येथवरचे सर्वजण सांगतात. पुढचा अपवाद कोणी सांगत नाही: ‘थुल्लवज्ज’, म्हणजे गंभीर अपराध, आणि गृहस्थांशी संबंधित अपराध या तृणाखाली येत नाहीत. मज्झिमनिकायातील सामगामसुत्तातही हाच अपवाद आहे. भिक्खूंच्या आपसांतील भांडणातही जे झाकता येत नाही, ते लक्षावधी गृहस्थांच्या हत्येबाबत झाकावे, यास कोणता बौद्ध आधार आहे? शिवाय तृण पडते ते कबुलीनंतर, सर्वांसमक्ष. हुन सेन यांच्या खड्ड्याला कबुलीची अटच नव्हती.

अपराध्यांना त्यांचे कम्म पाहून घेईल, हे उत्तरही पुरेसे नाही. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताने दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्य व समाज यांच्यावरून उतरते, हे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये दाखविले आहे. कर्मफळ पुढील जन्मावर सोपविले, तरी राज्याची जबाबदारी तशीच उतरते.

२००६ पासून कार्यरत झालेल्या संमिश्र न्यायालयाने २०२२ पर्यंत अवघ्या तिघांना दोषी ठरविले. पोल पोट १९९८ मध्येच मेला होता, इएंग सारी खटला चालू असताना २०१३ मध्ये. तरीही तेथे एक गोष्ट विनयाच्या फार जवळची घडली. पीडित स्वतः पक्षकार म्हणून आरोपींसमोर उभे राहिले. तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख दुच याने त्यांच्यादेखत अपराध कबूल केले, क्षमा मागितली, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये सुनावणीच्या अखेरच्या दिवशी आपणांस सोडून द्यावे अशी मागणी केली. न्यायालयाने ती मानली नाही. २०१२ मध्ये अपिलात त्याची शिक्षा वाढून जन्मठेप झाली.