घडवणाऱ्याचा मुक्काम

एअरस्ट्रीम या अमेरिकन प्रवासी ट्रेलरकडे पाहताना नजर आधी त्याच्या रुपेरी पाठीवरच खिळते. पण आपण जरा आणखी जवळ जाऊ, इतके जवळ की अ‍ॅल्युमिनियमची झळाळी मागे सरून एकेक रिव्हेट सुटा दिसू लागेल. ओहायोतल्या जॅक्सन सेंटर या छोट्या गावात १९५२ पासून हे ट्रेलर घडत आले आहेत, आणि तिथे हा रिव्हेट दोन माणसे मिळून बसवतात. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी बंदूक रिव्हेटच्या माथ्यावर टेकवतो, दुसरा आत बसून शेपटाशी पोलादी ठोकळा घट्ट धरतो. मध्ये पत्रा असल्यामुळे दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. बाहेरचा आघात आतल्याच्या मनगटात उतरतो आणि त्या मनगटाच्या स्थैर्यातून सांधा सिद्ध होतो. या जोडीतला आतला माणूस मला विशेष प्रिय आहे. तो जिथे गुडघे मोडून बसला आहे, तिथेच पुढे कुणाची तरी उशी येणार असते, आणि हे त्याला ऐकून नव्हे तर स्वतः एक रात्र तिथे झोपून कळलेले असेल, तर त्याच्या हातातल्या ठोकळ्याला निराळेच वजन येते.

त्या एका रात्रीत काय काय कळते, ते आपण सावकाश पाहू. पलंगाजवळचे दिव्याचे बटण उभ्या माणसाला सोयीचे वाटते; आडवे झाल्यावर मात्र हात अंधारात भिंत चाचपत राहतो. ड्रॉवरची कडी रस्त्याच्या हजार हादऱ्यांत मिटलेली राहायला हवी, आणि तरी झोपाळू मुलाच्या एका बोटाला ती उघडली पाहिजे. या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ कागदावरच्या मापात नसतो, तो बोटालाच उमगतो. मध्यरात्री कुणी नळ सोडला की पाण्याचा छोटा पंप जागा होतो, आणि तो थेट प्लायवुडवर आवळलेला असला तर सगळी जमीन ढोलकीसारखी घुमू लागते. त्या घुमण्याने ज्याची झोप मोडली आहे, तो पंपाखाली रबराची गादी घालायला कधी विसरणार नाही. आणि फ्रिज! अशा अनेक ट्रेलरांतला फ्रिज कॉम्प्रेसरवाचून, अमोनियाच्या द्रावाला उष्णता देऊन चालतो. तो द्राव गुरुत्वाने वाहत असल्यामुळे ट्रेलर जवळजवळ समपातळीत उभा असावा लागतो. ज्याने संध्याकाळच्या सरत्या उजेडात चाकाखाली लाकडी फळ्या सरकवल्या आहेत, त्याला पातळी दाखवणारा बुडबुडा नेमका कुठून दिसायला हवा हे सांगावे लागत नाही.

इथे मला राजशेखराची आठवण होते. महाराष्ट्राशी कुळाचे नाते असलेला, स्वतःला 'यायावरीय' म्हणवणारा हा दहाव्या शतकातला काव्यमीमांसक प्रतिभेचे दोन प्रकार सांगतो: निर्माण करणारी ती कारयित्री, आणि निर्मितीचा आस्वाद घेणारी ती भावयित्री. कवी आणि भावक एकच असतात की वेगळे, हा वादही त्याने मांडून ठेवला आहे. त्याच्या डोळ्यांसमोर काव्य होते. पण ज्या कारागिराने स्वतःच्या हाताने रचलेल्या छताखाली पहाट पाहिली आहे, त्याच्या ठायी या दोन प्रतिभा एकाच देहात नांदताना मला दिसतात, आणि तो योग किती हृद्य असतो हे वस्तू आपल्याला स्पर्शातून सांगते.

एअरस्ट्रीममध्ये हा योग संस्थापकापासूनच आहे. वॉली बायम याने १९३६ मध्ये 'क्लिपर' बाजारात आणला, तेव्हा त्याच्यासमोर हॉली बोलस या ग्लायडर घडवणाऱ्या कलावंताचा 'रोड चीफ' होता. बोलसचा ट्रेलर विलक्षण देखणा होता, पण त्याचे दार पुढच्या बाजूला, गाडीला जोडणाऱ्या दांड्याच्या वर होते. घरात जायचे तर तो दांडा ओलांडून चढायचे. बायमने ते दार बाजूला घेतले. केवढा छोटा बदल! पण हातात सामान घेऊन घरात शिरणाऱ्या माणसाची चाल त्या दारात आहे.

पुढे १९५१ मध्ये तो ट्रेलरांचा तांडा घेऊन मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेत उतरला, आणि त्या रस्त्यांनी त्याच्या ट्रेलरांची कठोर परीक्षा घेतली. कारखान्याच्या अंगणात जे कधीच मोडले नसते, ते तिथे मोडले. १९५९-६० मध्ये केप टाउनपासून कैरोपर्यंत एकेचाळीस ट्रेलरांचा तांडा गेला. इथियोपियाच्या चिखलात चाके रुतली, माणसांनी ती ओढून काढली, आणि त्या तांड्यात मालक स्वतः आपल्या सोनेरी ट्रेलरमध्ये राहत होता. मला हे दृश्य सर्वांत मोलाचे वाटते: तक्रार ऐकणारा आणि ती भोगणारा एकच माणूस. रस्त्यावर सुचलेल्या सुधारणा तो कारखान्यात नेत असे. बाहेरच्या वीज-पाण्याच्या जोडणीवाचून दिवे आणि गरम पाणी देणारा १९५७ चा 'इंटरनॅशनल' पाहताना, रानात मुक्काम केलेल्या माणसाची गरज त्यात बोलते आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

हे भाग्य सगळ्याच हातांच्या वाट्याला येत नाही. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचेही पुष्कळ लोक काम करतात, जे श्रद्धेपोटी स्वतःची मोटार बाळगत नाहीत. त्यांच्या सुतारकामातली सफाई लोभस आहे. मात्र तिथे वेतन अनेकदा नगावर ठरते, वेग मोठा असतो, आणि हाताखालून गेलेले घर रस्त्यावर कसे वागले हे त्या हातांना क्वचितच कळते. म्हणूनच कामगाराला त्याचाच ट्रेलर घेऊन चार दिवस फिरू देणे ही मला नुसती सवलत वाटत नाही. ते त्याचे राहिलेले अर्धे शिक्षण आहे, आणि त्याचा हक्कही.

जॅक्सन सेंटरपासून इंडियन लेक फार दूर नाही, आणि तळ्याकाठी मुक्कामाची जागाही आहे. १९६१ मध्ये सोळा फुटी 'बांबी' आली, आणि त्या नावाची छोटी गाडी आजही या गावात बनते. एवढ्याशा घरात बिछाना, चूल, न्हाणी सारे हाताच्या अंतरावर, त्यामुळे इथे इंचभर चूक लपत नाही. ती घडवणारा कुणी शनिवारी त्या काठावर उतरतो, असे आपण कल्पू. बायको म्हणते, चुलीजवळ उभे राहिले की कपाटाचे दार कपाळाला लागते. तो दार दोनदा उघडून पाहतो, खिशातली टेप काढतो, बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली तर काय होईल ते मोजतो, आणि सोमवारी रिव्हेटच्या पलीकडे उभ्या असलेल्या जोडीदाराला काय सांगायचे ते तिथेच ठरवतो.