परदेशातला पेशंट आपल्या साहित्यात कुठे आहे?

मंडळी, शिरूरला आणि त्यानंतर दौंडला आम्ही जे बोललो ते इथे एकत्र करून देत आहोत. विषय कॅन्सरचा आहे, पण औषधोपचाराचा सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बोलणार नाटक-सिनेमाबद्दल. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला कॅन्सर होतो, तो तिथेच राहून वर्षानुवर्षं उपचार घेतो, नोकरी करतो, मुलांना शाळेत सोडतो. हा माणूस आपल्या गाजलेल्या कलाकृतींत कुठे दिसतो? आम्हाला तो दिसला नाही. आणि त्याचं कारण लेखकांपेक्षा आपण प्रेक्षकच जास्त आहोत, असं आमचं मत आहे.

जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ घ्या. सत्तरच्या दशकातलं नाटक. म्हातारं जोडपं, मुलगा अमेरिकेत, तो काही येत नाही. विजया मेहतांनी ते रंगमंचावर उभं केलं आणि कितीतरी आईवडिलांना त्यात आपलंच घर दिसलं. नाटक मोठं आहे, त्यात वाद नाही. पण त्या नाटकाने आपल्याला एक सवय लावली. परदेशातला मुलगा म्हटलं की तो अपराधी. आजारी पडायचं इथल्या आईने, आणि विमान पकडून यायचं किंवा न यायचं ते त्याने. फोनवरच्या या मुलाला आपल्या गोष्टींमध्ये शरीरच नसतं. त्याच्याकडे डॉलर असतात, रजा नसते, बस्स. मग तोच आजारी पडला तर आपल्याकडे त्याच्यासाठी भूमिकाच शिल्लक नाही.

आता ‘श्वास’. संदीप सावंत यांचा 2004 सालचा चित्रपट, माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे तोच गेला. कोकणातला छोटा परशा, त्याच्या डोळ्यांचा कॅन्सर, आणि त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन आलेले आजोबा. आपण सगळे हा सिनेमा बघून रडलो. पण रडण्याच्या भरात एक गोष्ट निसटते. आजोबांच्या दृष्टीने ते इस्पितळ हा परदेशच आहे. तिथली भाषा मराठी असूनही त्यांना कळत नाही. आसावरी नावाची समाजसेविका त्यांच्यात आणि डॉक्टरांत उभी राहते, ती एका अर्थी दुभाषीच. आणि सगळा पेच कशाचा, तर ऑपरेशनआधी त्या पोराला खरं सांगितलंच पाहिजे, पण सांगायचं कोणी? उपचार काय करायचे हे लवकर ठरतं. बोलायचं कसं, हे ठरत नाही. आमच्या मते ‘श्वास’चं मोठेपण अश्रूंपेक्षा या पेचात आहे.

दौंडच्या लोकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. “त्यांना पुण्याला नेलंय,” एवढं हळू आवाजात म्हटलं की काय ते कळतं. त्यापुढचा टप्पा परळ. टाटा हॉस्पिटल 1941 पासून तिथे आहे, आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच पेशंटांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. तिथे शेजारी “कुठले तुम्ही?” असं विचारतात. या सोबतीचं गोडगोड वर्णन आम्ही करणार नाही, कारण टाटाच्या बाहेर फुटपाथवर झोपणारी माणसंही आपलीच आहेत.

‘श्वास’ मात्र एका ठिकाणी थांबतो. शेवटी परशा घरी परततो. इस्पितळ परकं, गाव आपलं, एवढी सोपी वाटणी त्याला करता येते. स्थायिक झालेल्याला ती येत नाही. तो राहतो त्याच गावात त्याचं इस्पितळ. घराचे हप्ते तिथे, मुलांची शाळा तिथे. शिवाय उपचार म्हणजे एक ऑपरेशन आणि सुटका असं नसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये कित्येकींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षं घ्यावी लागते. यात नाट्य कुठलं, असं कोणी म्हणेल. तर अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाचं बघा. व्हिसा नोकरीला बांधलेला, आरोग्यविमाही बहुतेक वेळा नोकरीलाच. नोकरी सुटली तर साधारण साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर व्हिसाचा दुसरा काही मार्ग काढायचा किंवा देश सोडायचा. कायद्याने आजारपणाची रजा मिळते ती बारा आठवडे, बिनपगारी, तीही नोकरीला वर्ष झालेलं असेल आणि कंपनी पुरेशी मोठी असेल तर. इंग्लंडमध्ये सरकारी सेवा आहे, 2009 पासून कॅन्सरच्या पेशंटला औषधाच्या चिठ्ठीचे पैसे पडत नाहीत. म्हणजे एकच गाठ, पण देश बदलला की गोष्ट बदलते. एखाद्या दळवींना यात तीन अंक सहज मिळाले असते.

भाषेचं आणखी एक. आपल्या बातम्यांमध्ये माणूस कॅन्सरने जात नाही, त्याची “कर्करोगाशी झुंज अपयशी ठरते”. म्हणजे तो हरला? सुसान सोंटॅगने 1978 सालीच या लढाईच्या भाषेवर पुस्तक लिहून हरकत घेतली होती. तिला स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता, आणि पुस्तकात तिने त्याचा उल्लेखही केला नाही. परदेशातल्या आपल्या माणसावर तर झुंजीचं ओझं दुप्पट. इतक्या लांब गेला तो यशस्वी व्हायला, मग आजारातही यशस्वीच व्हायचं! म्हणून रविवारी फोनवर केस गेलेल्या डोक्यावर टोपी घालून “इथे थंडी आहे गं” असं सांगायचं.

दौंडच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी थेट विचारलं, “पण सांगून तरी काय? आम्ही इथून काय करणार?” प्रश्न रास्त होता. त्याला भावनेचं उत्तर द्यायचं आम्ही टाळलं. रक्ताच्या कॅन्सरमध्ये कधी कधी दुसऱ्याच्या मूळपेशी लागतात, आणि सख्ख्या भावंडाच्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तो भाऊ कदाचित इथेच, शिरूरला उसाला पाणी देत असेल. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तिकडे जनुकाची तपासणी होते. त्यात बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष निघाला, तर सख्ख्या बहिणीतही तो असण्याची शक्यता निम्मी असते. न्यू जर्सीतली बहीण घरच्यांना त्रास नको म्हणून गप्प बसते, आणि इकडच्या बहिणीने वेळेत करून घ्यायची तपासणी राहून जाते. त्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, ही तपासणी पुण्यात कुठे होते.