माणूस असल्याचा दाखला

पुस्तकांची परीक्षणे लिहिण्याचा गुन्हा मी पूर्वी बरेचदा केला आहे. अभ्यासक्रमाचे परीक्षण मात्र पहिलेच. विषय भारदस्त : 'सर्वांसाठी शिक्षण'. ऑनलाइन. विद्यार्थी आम्ही तिघे : डावा कान निवृत्त आणि उजवा अर्धवेळ झालेला मी, माझा अंध भाचा आणि अक्षरांची सरमिसळ होते म्हणून सावकाश वाचणारी त्याची बहीण. वर्ग आमच्या सिडकोतल्या घरी. वेळ ठरली, नळाला पाणी नसेल त्या दिवशी. म्हणजे बहुतेक रोज!

पहिल्या व्हिडिओतल्या बाई फार गोड बोलतात, असे भाचा म्हणाला. मला नुसते ओठ हललेले दिसले. खाली शब्दपट्टी नव्हती. मग बाईंनी फळ्याकडे बोट केले. "हे असे असते म्हणतायत," भाच्याने उजव्या कानात सांगितले. "कसे असते, मामा?" असे आम्ही दोघे मिळून एक विद्यार्थी झालो.

पुस्तिका उघडली. भाच्याचा संगणक मजकूर मोठ्याने वाचतो. तो गप्पच. पुस्तिका म्हणजे छापील पानांचे फोटो. त्यात अक्षरे आहेत, हे त्या बापड्याला काय ठाऊक? भाचीची चाचणी दहा मिनिटांची. सहाव्या प्रश्नाला घड्याळाने पेपर ओढून घेतला. उत्तरे तिला सगळी येत होती.

कळस शेवटी. 'चित्रातली अक्षरे ओळखून आपण मानव असल्याचे सिद्ध करा.' भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, मी माणूस आहे, हे तुम्हीच सांगा ना त्यांना." मी हसलो; पण ते हसू पुरले नाही.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्'ने व्हिडिओ, वाचन, चाचणी आणि चर्चा अशा चार वाटा आखल्या. कल्पना उत्तम! आमचा अभ्यासक्रम दुसरीकडचा. त्यालाही फार काही नको होते : शब्दपट्टी, टंकलेला मजकूर, चित्राचे दोन ओळींत वर्णन आणि थोडा जास्त वेळ.

सतराव्या शतकात मलिक अंबरने आमच्या गावाला नहर आणली. खापरी नळांतून पाणी वस्त्यावस्त्यांत गेले. ज्याला डोंगर चढता येतो त्यानेच प्यावे, असे तो म्हणाला नाही.

मला प्रमाणपत्र मिळाले : 'सर्वांसाठी शिक्षण' पूर्ण! भाच्याचे अडले आहे. तो माणूस आहे की नाही, याची चौकशी अजून चालू आहे.