साक्ष आणि ग्रंथ : पंडिता रमाबाईंच्या निमित्ताने

आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवर प्रार्थना चालू होती. ऊसतोडीहून परतलेली एक बाई उभी राहिली आणि तिने साक्ष दिली : येशूने नवऱ्याची दारू सोडवली. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, हा पुरावा धरायचा का?’ दारू सुटल्याचा पुरावा तो आहेच; चूल पेटते आहे. पण त्यावरून त्रैक्याचा सिद्धांत खरा ठरतो काय?

हा पेच पंडिता रमाबाईंनी आयुष्यभर भोगला. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली प्रसिद्ध झाला. तो आपल्याकडे फार थोड्यांनी वाचला, हे आपले दुर्दैव. १८८३ साली वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेली ही बाई दोनच वर्षांत सिस्टर जेराल्डिनला कळवते, की भटांचे जू नुकतेच फेकले आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचे जू मानेवर घेणार नाही. चर्चचा शब्द तिला पुरत नाही. बायबल स्वतः वाचून आपल्या विवेकाला पटेल तेवढेच ती मानते. शास्त्रांनी स्त्रीला आणि शूद्राला मोक्ष नाकारला, हेही तिने ग्रंथ वाचूनच ओळखले होते. (आमच्या आज्यांना तो अपमान वाचण्याचीही सोय नव्हती, गाव तो तोंडी ऐकवीत असे.)

पुढे मात्र पारडे फिरते. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या १९०७ च्या आपल्या साक्षीत सांगतात. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनातल्या मुली रडत, पापे कबूल करीत, अंगात अग्नी पेटल्याचे सांगत. हा अनुभव खोटा म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण १८८५ च्या शंकांना १९०७ च्या साक्षीत मला उत्तर सापडत नाही. शंका विझल्या, एवढेच कळते. आणि तरीही याच रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून, संस्कृताळलेले शब्द टाळून, साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी १९२२ साली मरेपर्यंत झिजल्या. नुसता अनुभव पुरेसा असता तर हा खटाटोप कशासाठी?

हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. दलित आत्मकथन ही साक्षच आहे. भुकेला ग्रंथाचा आधार लागत नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जळाली ती याच साक्षीच्या बळावर. पण १९५६ साली बाबासाहेबांनी ‘मला साक्षात्कार झाला, मागे या’ असे म्हटले नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधला बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, त्याचा शब्दही तपासून घ्यायचा असतो. अनुभव घडलेले सांगतो. त्यातून काय निष्पन्न होते, हे बुद्धीनेच ठरवावे लागते.

साक्ष देणारी बाई त्या विद्यार्थ्याची आई होती, हे मला नंतर कळले. पत्रव्यवहाराची माझी प्रत सध्या त्याच्याकडे आहे. पत्रे इंग्रजीत आहेत. तो अडखळत वाचतो आणि रात्री आईला मराठीत सांगतो.