तर्खडकरी भाषांतरपद्धती : एक पुनर्विचार

तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने अनेक पिढ्यांना इंग्रजीची वाट दाखविली, हे ऋण मान्यच. परंतु भाषांतराचा सराव चूक सुधारतो, तिचे मूळ दाखवीत नाही. ‘मुलीने आंबे खाल्ले आहेत’ येथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. म्हणूनच विद्यार्थी ‘द गर्ल हॅव ईटन मँगोज’ असे लिहितो. त्याच्या हातून येथे मातृभाषेचा नियमच पाळला जातो. कर्मणी प्रयोग तो शाळेत शिकलेला असतो. इंग्रजीच्या तासाला त्याचे स्मरण क्वचितच करून दिले जाते. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या मराठी व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाची छाया आहे. उलट दिशेचा प्रवास मात्र राहूनच गेला. काशीगाव परिसरातील वर्गात हिंदी व गुजराती भाषकही असतात. मराठीवर बेतलेली पाठमाला त्यांना अपुरी. कर्मानुसारी भूतकालीन क्रियापद मात्र तिन्ही भाषांत आहे. प्रथम वर्षाच्या दोन तासिका तरी या प्रयोगविचारास द्याव्यात.