लक्ष ठेवणे आणि लक्ष देणे : 'लेडी बर्ड' चित्रपटातील कॅथलिक शाळा

शाळेचा विषय निघाला की आपल्या घरांत पहिला प्रश्न निकालाचा असतो. नाट्यमंडळ, वक्तृत्व, गायनवृंद, विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक हे सारे उपक्रम अभ्यास आटोपल्यावर उरलेल्या वेळात करावयाचे आणि मुलगी दहावीत गेली की प्रथम तेच बंद करावयाचे, असा जणू अलिखित नियमच होऊन बसला आहे. या समजुतीची झाडाझडती घेण्यास प्रवृत्त करणारी एक कलाकृती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती आपल्याकडील नव्हे, अमेरिकेतील आहे.

ग्रेटा गर्विग यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'लेडी बर्ड' हा चित्रपट २०१७ साली प्रदर्शित झाला. ऑस्कर पुरस्कारांच्या पाच विभागांत त्यास नामांकने मिळाली. आई व मुलगी यांच्या ताणलेल्या नात्याचा चित्रपट म्हणून तो वाखाणला गेला, आणि ते योग्यच होते. परंतु त्यातील कॅथलिक मुलींच्या शाळेचे चित्रणही तितकेच विचारप्रवर्तक आहे. गर्विग स्वतः कॅथलिक नव्हेत. मात्र त्यांचे शालेय शिक्षण सॅक्रामेंटो येथील अशाच एका शाळेत झाले. चित्रपटही त्याच शहरात, २००२-०३ या काळात घडतो. कथा काल्पनिक असली, तरी शाळा आतून पाहिलेली आहे हे पदोपदी जाणवते. छडी उगारणारी खाष्ट नन हे अशा चित्रपटांतील ठरीव पात्र येथे शोधूनही सापडत नाही.

नायिका ख्रिस्टीन शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. आई मनोरुग्णालयात परिचारिका, दुहेरी पाळ्या करून संसार ओढणारी. वडिलांची नोकरी गेलेली. आईबापांनी दिलेले नाव टाकून ही मुलगी स्वतःस 'लेडी बर्ड' म्हणवून घेते. विद्यार्थिनींच्या निवडणुकीसाठी ती चमत्कारिक भित्तिपत्रके लावते, त्यांवर पक्षी आणि माणूस यांची विचित्र सरमिसळ! सिस्टर सारा जोन ही वयोवृद्ध धर्मभगिनी तिला बोलावून घेते. येथे शिक्षेची अपेक्षा करणाऱ्या प्रेक्षकाची निराशा होते. सिस्टरना त्या चित्रांत बेशिस्तीबरोबरच नाट्याची ओढ दिसते आणि त्या तिला शाळेच्या नाटकात भाग घेण्यास सुचवितात. मुलीला हवे असते गणित ऑलिंपियाड! गणितात तुझी फारशी गती नाही, असे सिस्टर सौम्यपणे सांगतात. ती अद्याप कुणाला दिसलेली नाही, असे उत्तर ती देते. हा संवाद विनोदी खरा, परंतु शिक्षणशास्त्राच्या कित्येक ग्रंथांहून अधिक सांगून जाणारा आहे. जो खोडकरपणा एकाला दोष वाटतो, तोच जाणत्या नजरेला देणगीचे बीज वाटू शकतो.

मुलांच्या कॅथलिक शाळेसमवेत जे संगीतनाट्य बसविले जाते, ते स्टीफन सॉन्डहाइम यांचे १९८१ सालचे 'मेरिली वी रोल अलाँग'. ही निवड सहज झालेली नसावी. त्या नाटकाची कथा उलटी चालते. दुरावलेल्या मित्रांपासून आरंभ होऊन ती त्यांच्या तारुण्यातील निर्मळ मैत्रीपर्यंत मागे जाते. लेडी बर्डही पुढे एका श्रीमंत मुलीच्या सहवासासाठी नाटक सोडते आणि ज्युली या जिवलग मैत्रिणीस दुरावते. समेट होतो तो थेट शाळेच्या अखेरच्या नृत्यसमारंभाच्या रात्री. नाट्यमंडळाने जे रंगमंचावर मांडले, तेच मुलगी आयुष्यात पुन्हा गिरविते.

नाट्यशिक्षक फादर लेव्हियॅच यांची व्यक्तिरेखा आम्हांस सर्वांत हृद्य वाटली. जो प्रथम रडेल तो जिंकला, असा अभिनयाचा एक खेळ ते मुलांना घालून देतात आणि सर्वांआधी त्यांच्याच डोळ्यांतून अश्रू वाहू लागतात. त्यांच्या मनात जुने दुःख खोल रुतलेले आहे. पुढे ते उपचारांसाठी रुग्णालयात येतात, तेव्हा त्यांच्यासमोर बसलेली परिचारिका असते ती लेडी बर्डची आई. मुलांना याचा पत्ताही नसतो. शाळेतील उपक्रम कुणाच्या तरी मनोबलावर चाललेले असतात आणि ते बळ अक्षय नसते, हे भान दिग्दर्शिकेने दोन लहानशा प्रसंगांत दिले आहे.

त्यांच्या जागी येतात फुटबॉलचे प्रशिक्षक असलेले धर्मगुरू. शेक्सपिअरचे 'द टेम्पेस्ट' ते फळ्यावर खडूने आखतात, जणू मैदानावरील व्यूहरचनाच! प्रेक्षक पोट धरून हसतो. आम्हांस मात्र त्या हसण्यापलीकडे काही दिसते. या गृहस्थांना नाटक ठाऊक नाही. पण मुलांचे नाटक बंद पडू नये एवढे त्यांना नक्की कळते. आपल्या शाळांतून असे कितीतरी शिक्षक व धर्मभगिनी न येणारे काम अंगावर घेऊन वर्षानुवर्षे निभावीत असतात.

चित्रपटात उणिवा आहेत. नायिका रंगमंच सोडते तेव्हा चित्रपटही रंगमंचाकडे पाठ फिरवितो. निष्ठेने मागे राहिलेल्या ज्युलीला नाटकाने काय दिले, हे आपल्याला कळत नाही. त्याहून गंभीर आक्षेप एका सभेच्या प्रसंगाविषयी आहे. गर्भातील जीवाच्या रक्षणाविषयी बोलावयास आलेल्या वक्त्या स्वतःच्या जन्माची कथा सांगतात; लेडी बर्ड असभ्य शेरा मारते आणि तिला शाळेतून काही काळ दूर ठेवले जाते. मुलीचे वागणे वयाला धरून आहे. परंतु दिग्दर्शिकेने त्या वक्त्यांना निव्वळ हास्यविषय करून सोडले आहे. ज्या कलावतीने इतर प्रत्येक पात्राकडे सहानुभूतीने पाहिले, तिची नजर नेमकी येथे आखडावी याचे आम्हांस वाईट वाटते. अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांनी हा चित्रपट पालकांसमवेतच पाहावा अशी श्रेणी त्यास आहे, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

चित्रपटाचे मर्म सिस्टर सारा जोन यांच्याच एका बोलण्यात आहे. लेडी बर्डने महाविद्यालयीन प्रवेशासाठी लिहिलेला निबंध त्या वाचतात आणि तिचे आपल्या शहरावर प्रेम असल्याचे सांगतात. मुलगी ते नाकारते. आपण फक्त लक्ष देऊन पाहतो, एवढेच ती कबूल करते. लक्ष आणि प्रीती या दोन्ही गोष्टी एकच तर नसतील, असे सिस्टर विचारतात. फ्रेंच विचारवंत सिमोन वेल (१९०९-१९४३) यांच्या १९४२ सालच्या निबंधाचे येथे स्मरण होते. शालेय अभ्यासाचे खरे फळ एकाग्र लक्ष देण्याची सवय हे होय आणि प्रार्थनाही अशा लक्षानेच घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. संत मार्कच्या शुभवर्तमानातील श्रीमंत तरुणाच्या प्रसंगी (१०:२१) प्रभू येशू त्याच्याकडे प्रीतीने पाहतो आणि मगच त्याला मार्ग सांगतो, हा क्रमही विचार करण्याजोगा आहे.

आपल्या मराठीत 'लक्ष ठेवणे' आणि 'लक्ष देणे' असे दोन निराळे प्रयोग आहेत. मुलींवर लक्ष ठेवण्यात आपण कुटुंबे व शाळा कमी पडत नाही. गुणपत्रिका, शिकवणीची वेळ, घरी परतण्याची वेळ, मैत्रिणींची नावे, सारे आपल्याला ठाऊक असते. लक्ष देणे मात्र वेगळे. एखादी मुलगी नाटकाच्या तालमीत, गायनवृंदात वा वादविवादात स्वतःस कशी शोधते आहे, हे पाहावयास वेळ व धीर लागतो. उपक्रमांचे मोल चषकांत वा स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांत नाही; मुलीला जवळून पाहण्याची संधी ते मोठ्यांना देतात, यात आहे. ती संधी दहावीच्या वर्षी आपण पहिल्यांदा बंद करतो, नेमकी तेव्हा, जेव्हा मुलीला कुणीतरी पाहावे याची सर्वाधिक गरज असते.

चित्रपटाच्या अखेरीस दूर न्यूयॉर्कमध्ये, रविवारी सकाळी, ही मुलगी चर्चमध्ये शिरते, गायनवृंद ऐकते आणि बाहेर येऊन घरी फोन लावते. आईसाठी ठेवलेल्या निरोपात ती आपले नाव ख्रिस्टीन असे सांगते. नाटक सुटले, निवडणूक हुकली, गणिताचे पारितोषिक कधीच मिळाले नाही. तरी शाळेचे काम वाया गेले नव्हते. आगामी शालेय वर्षात आपल्या मुलीचे नाव कोणत्या मंडळात घालावयाचे, हे ठरविण्यापूर्वी आईवडिलांनी तिच्याजवळ बसून तिला काय करावेसे वाटते, एवढे जरूर विचारावे. आणि तिचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.