नदीतलं झाड

रविवारी दर्यागंजचा फुटपाथ, एरवी संध्याकाळी पालिका बाजार: दिल्लीत जुन्या वेस्टर्नपटांच्या डिस्क शोधत मी वर्षानुवर्षं हिंडलो. जॉन वेन, क्लिंट ईस्टवुड लगेच मिळत. दिग्दर्शक बड बेटिकरचं नाव काढलं की दुकानदार नकारार्थी मान हलवत. त्यामुळे त्याचा ‘राइड लोनसम’ (१९५९) हाती लागला तो दिवस अजून आठवतो.

चित्रपट अवघा ७३ मिनिटांचा. बेन ब्रिगेड (रँडॉल्फ स्कॉट) बिली नावाच्या खुनी पोराला पकडून नेतोय. सगळ्यांना वाटतं, इनामासाठी. पण तो उघड्या माळावरून, मुद्दाम रेंगाळत चाललाय. त्याला बिली नकोच आहे. बिलीला सोडवायला येणारा त्याचा थोरला भाऊ फ्रँक हवा आहे. फ्रँकनं ब्रिगेडच्या बायकोला एका झाडाला फाशी दिलं होतं. ली व्हॅन क्लीफचा फ्रँक ही गोष्ट आठवतो, ती सहज, आपण जवळजवळ विसरलोच होतो अशा सुरात. एकाचा जन्म जिथे थांबला, ते दुसऱ्याच्या लक्षातही नाही! सुडाची एवढी थंडगार व्यथा मी क्वचितच पाहिली आहे.

शेवटी फ्रँक मरतो, बिलीला ब्रिगेड वाटेतल्या सोबत्यांच्या स्वाधीन करतो आणि ते झाड पेटवून देतो. दूर गेलेले सोबती मागे वळून पाहतात तर धूर. कॅमेरा ज्वाळांबरोबर वर चढत जातो. खाली एकटा माणूस उभा. सूड घेऊनही त्याला जायला जागा नाही, हे एकाही शब्दाविना कळतं.

बेटिकरचे इतर चित्रपट याच्या शेजारी ठेवले, की मग संग्रहाचं महत्त्व पटतं. ‘राइड लोनसम’चा पटकथाकार बर्ट केनेडी यानंच लिहिलेल्या ‘सेव्हन मेन फ्रॉम नाऊ’मध्ये (१९५६) स्कॉटच्या नायकाची बायको दरोड्यात मारली गेलेली; ‘कोमँची स्टेशन’मध्ये (१९६०) कोमँचींनी पळवलेली, आणि तो वर्षानुवर्षं तिला शोधतोय. लोन पाइन या चित्रीकरणस्थळाचे तेच खडक, तोच रापलेला चेहरा, दुःख मात्र दर वेळी नव्यानं मांडलेलं. एकाच रागातल्या वेगवेगळ्या बंदिशींसारखं.

‘कोमँची स्टेशन’ पाहताना एका क्षणी मी डिस्क थांबवली. नदीच्या पात्रात तेच झाड उभं होतं. एकच चित्रपट पाहिलेल्याला ते नुसतं वठलेलं खोड. दोन्ही जपणाऱ्याला कळतं, की ब्रिगेडनं जाळलेलं दुःख अजून उभंच आहे.